स्वराज्याच्या सभेंत कुणब्याचा हिशेब
(इंदापूर तालुक्यांतील एका खेड्यांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आजच्या सभेचा विषय देशाचें स्वातंत्र्य व त्याचें भवितव्य असा ठेविला आहे. विषय थोर, आणि आम्ही पडलों खेड्यांतले मास्तर. तेव्हां दिल्लीच्या गोष्टी बाजूस ठेवून, याच विषयासाठीं एका खेड्यांत भरलेल्या सभेची हकीकत आम्ही आपणांपुढें मांडतों.

ती सभा म्हणजे खानदेशांतील फैजपूर येथें ता. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं भरलेली राष्ट्रीय सभा, म्हणजेच काँग्रेस. तोंवर पन्नास वर्षें ही सभा शहरांत भरे. वकील बोलत, शेठजी वर्गणी देत. कुणब्यास वाटे कीं हा कोटवाल्यांचा बाजार, आपलें येथें काय काम? तें वाटणें अगदींच खोटें नव्हतें. फैजपुरास बांबूचा मंडप उभारला, नंदलाल बोस यांनीं तो सजविला, आणि अध्यक्ष पंडित नेहरू यांना सहा बैलजोड्यांच्या रथांतून आणलें. रथाचें वर्णन सर्वत्र वाचावयास मिळतें. आम्हांस मात्र त्या सभेस पायीं आलेले पांचशें शेतकरी अधिक मोलाचे वाटतात. ते मनमाडहून निघाले, दोनशें मैलांवर चालले आणि अधिवेशनाच्या तोंडावर फैजपुरास पोंचले. तेथेंच प्रो. रंगा यांच्या अध्यक्षतेखालीं किसान सभाही भरली.

काँग्रेसनें तेथें १९३५ चा कायदा झिडकारला आणि प्रौढ मतदानानें निवडलेली घटना समिती मागितली. त्याच बैठकींत शेतीचाही ठराव झाला. सारा व खंड कमी करावा. ज्या तुकड्यावर पोट भरत नाहीं त्यावर सारा घेऊं नये. कालव्याची पाणीपट्टी उतरवावी. कर्जाचा निवाडा करण्यास खास न्यायमंडळें नेमावीं व तोंवर वसुली थांबवावी. वेठ बंद व्हावी. शेतमजुराला पोटापुरती मजुरी कायद्यानें मिळावी. बघा, स्वातंत्र्याच्या ठरावाशेजारीं पाणीपट्टी येऊन बसली!

आपल्या भागास हीं कलमें नवीं नव्हतीं. सुपें आपल्या शेजारचेंच. आज बारामती तालुक्यांत आहे, तेव्हां भीमथडींत होतें. तेथें १२ मे १८७५ रोजीं कुणबी सावकारांच्या दारांत गेले आणि कर्जरोखे ओढून काढून जाळले. अंगावर हात टाकण्याचे प्रकार थोडे. सारा राग कागदावर. तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें, आणि सरकारास १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. सुप्यास वाचतां न येणाऱ्या माणसानें कागद जाळला. एकसष्ट वर्षांनीं फैजपुरास त्याचें म्हणणें कागदावर लिहिलें गेलें.

लिहिलेलें सगळें मिळालें काय? कांहीं मिळालें. १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत कर्जनिवारणाचा कायदा झाला, १९४८ सालीं कुळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारास जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. घटना समिती १९४६ सालीं बसली, पण ती प्रौढ मतदानानें नव्हे. तो हक्क २६ जानेवारी १९५० च्या घटनेनें दिला. वेठीविषयीं मात्र एक गोष्ट बोलून टाकूं. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकर यांनीं मुंबई कौन्सिलांत बिल मांडलें तें १९२८ सालीं, फैजपूरच्या आठ वर्षें आधीं. कनिष्ठ गांववतनें रद्द होण्यास १९५८ साल उजाडलें. तीस वर्षें!

आणि मजुरीचें कलम? बागाईतदार झालेला कुणबी पाणीपट्टीचें कलम मोठ्यानें वाचतो आणि मजुरीच्या कलमाशीं आला कीं त्यास खोकला येतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, रोजगार हमीचा १९७७ चा. दोन्ही झाले, खुरपणाऱ्या बाईच्या हातीं काय पडतें तें तिला विचारा.

ज्या १८८५ सालीं काँग्रेस जन्मली त्याच सालीं नीरा डावा कालवा सुरूं झाला. पुरंदर, बारामती ओलांडून तो आपल्याकडे येतो, आणि आपण पडलों शेपटाला. सात नंबरचा अर्ज वरच्यानेंही भरला, आपणही भरला. आवर्तन मात्र वरच्या फाट्यावरच दमतें. रात्रीं दारें धरावयास जाऊन कोरडी चारी पाहणें हें काय असतें, तें येथें कोणास शिकवावयास नको.

मग फैजपूर कोठें शोधावयाचें? आमच्या मतें तें ग्रामसभेंत आहे. पुढारी मोटारीनें आला कीं आपण फटाके घेऊन धांवतों, आणि ग्रामसभेची दवंडी झाली कीं शेतावर काम निघतें. शंभर माणसें जमलीं तरी कोरम होतो; तीं जमत नाहींत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस कोरम लागत नाहीं. मग चारदोन आसामी सह्या करून गांवचा ठराव करतात. ग्रामसभेआधीं बायांची वेगळी सभा भरवावी असा नियम आहे. ती आपल्या गांवीं कधीं भरली, हें येथें बसलेल्या बायांनींच सांगावें.

येत्या ग्रामसभेसाठीं दोन विषय लेखी द्यावे असें आम्ही सुचवितों. शेपटाकडच्या ज्या खातेदारांनीं सात नंबरचा अर्ज भरूनही पाणी मिळालें नाहीं त्यांची यादी, हा पहिला. गांवांतील शेतमजुरीचा दर, बाप्याचा व बाईचा, हा दुसरा. आणि हा दुसरा विषय बायांच्या सभेंत आधीं बोलला जावा. अर्जाचा मसुदा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेविला आहे. ज्यांस लिहितां येतें त्यांनीं तो आज उतरून न्यावा. ज्यांस येत नाहीं त्यांनीं आपल्या पोराला पुढें बसवावें, आम्ही सांगतों.