नव्या पिल्लाचा घरप्रवेश



भंडारा जिल्ह्यातील धानाच्या घरात मांजर हे निव्वळ हौसेचे जनावर कधीच नव्हते. कार्तिक-मार्गशीर्षात धान ढोलीत पडले की त्यामागून उंदीर येतात, उंदरांमागून एखादी भाटी येते, आणि कोणी सनद दिलेली नसता ती त्या घरची होऊन जाते. हा व्यवहार फार जुना आहे. सायप्रस बेटावरील सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याशेजारी मांजर पुरलेले सापडल्याचे वृत्त 2004 साली प्रसिद्ध झाले. ती वस्तीदेखील धान्य पिकवणाऱ्यांचीच होती.

आजचा विषय मात्र त्यापुढचा आहे. घरात एक-दोन मांजरे आधीच नांदत असताना तणसाच्या ढिगाशी बेवारस सापडलेले एखादे पिल्लू मुले सदऱ्याच्या ओच्यात घालून आणतात, भर ओसरीवर जुन्या भाटीच्या पुढ्यात ठेवतात, आणि तिने त्याला आल्याआल्या पोटाशी घ्यावे अशी सर्व मंडळींची अपेक्षा असते. ती पाठीची कमान करते, फिसकारते, माडीवर जाऊन बसते, दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, आणि कधीकधी आपल्याच अंथरुणावर मुतून ठेवते. मग घरात निवाडा होतो की हिला मत्सर झाला. हा निवाडा मला मान्य नाही. प्रश्न मत्सराचा नसून वहिवाटीचा आहे.

मालगुजारी तलावांच्या या मुलखात वहिवाट म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली बंदोबस्तात गावोगावच्या कागदपत्रांबरोबर ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचे एक दफ्तर तयार होत असे. तलावाचे पाणी कोणाला कसे मिळावे, जंगलातून जळण कोणी आणावे, गुरे कोठे चरावीत, अशा रिवाजांची नोंद त्यात असे. आणि 1951 साली मालगुजारीची महसूलपद्धत गेली तरी निस्ताराचा, म्हणजे पाणी-जळण-चराईच्या या रिवाजी हक्कांचा, तंटा उपस्थित झाला की त्या कागदाची आठवण होते. मांजरांच्या घरातही असेच एक दफ्तर असते. ते शाईने नव्हे, गंधाने लिहिलेले असते. मांजराच्या गालांत, हनुवटीत, कपाळाच्या बाजूंस, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीवर, खांबावर किंवा तुमच्या पोटरीवर ते गाल घासते तेव्हा आपण त्याला लडिवाळपणा समजतो. तो असतोही, परंतु त्याबरोबरच ती त्या दफ्तरातली नोंदही असते. एकत्र राहणारी मांजरे परस्परांना अंग घासून एक समाईक गंध सिद्ध करतात, आणि ज्याच्या अंगाला तो नाही तो परका ठरतो. पशुवैद्याच्या दवाखान्यातून परत आलेल्या सख्ख्या बहिणीवरही घरचे मांजर फिसकारते, ते याच कारणाने. शिवाय जागांच्या पाळ्याही ठरलेल्या असतात: ओसरीवरचे तेच कोवळे ऊन सकाळी एकीचे, तर तीच जागा दुपारनंतर दुसरीची.

यावरून पुढचा क्रम आपोआप निघतो. नवागताचे नाव या दफ्तरात प्रथम गंधाने दाखल व्हावे, नंतर आवाजाने, त्यानंतर दर्शनाने, आणि स्पर्शाची पाळी सर्वांत शेवटी यावी. आपण मात्र आरंभच स्पर्शाने करतो. मांजरी पिल्लाला नेते तसा, म्हणजे मार्जारकिशोर न्यायाने, परमेश्वर भक्ताला अलगद उचलून नेतो असे श्रीवैष्णवांतील एक पंथ मानतो, आणि तत्त्वज्ञान म्हणून ते मोठे रम्य आहे. पण तो न्याय आईपुरता आहे, पिल्लाची मानगूट धरून त्याला जुन्या मांजराच्या तोंडाशी नेणाऱ्या यजमानाला तो लागू नाही.

पिल्लाला एका खोलीत स्वतंत्र ठेवावे. तेथे पाणी, अन्न, लपावयास एखादी आडवी केलेली टोपली आणि विधीसाठी पसरट घमेल्यात वैनगंगेची कोरडी रेती, एवढे पुरे. या विलगतेत आरोग्याचाही हेतू आहे. मांजरांतील पॅनल्युकोपेनिया हा घातक आजार विषाणूजन्य असून लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते दहा दिवस जातात, आणि तो विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणून पशुवैद्याला दाखवून जंताचे औषध व लसीकरण यांची व्यवस्था होईपर्यंत दार बंद असणेच श्रेयस्कर. पिल्लू शक्यतो आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ते जे शिकते, म्हणजे इतर मांजरे आणि माणसे ही आपलीच आहेत हे, ते पुढे शिकवणे फार कठीण जाते. पोरके सापडले तर त्याला गाईचे दूध पाजण्याचा मोह आवरावा; त्याने हगवण लागते.

मग एका जुन्या सुती फडक्याने पिल्लाचे गाल पुसून ते फडके भाटीच्या बसण्याच्या जागेजवळ ठेवावे, तिचे फडके पिल्लाच्या खोलीत. नाकाशी नेऊन हुंगावयास लावू नये. बंद दाराच्या दोन्ही अंगांना दोघांची ताटली मांडावी, आरंभी दूर आणि मग रोज थोडी अलीकडे. भाटी गुरगुरली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे सरावे. पुढे खोल्यांची अदलाबदल, नंतर जाळीआडून दर्शन, आणि मग प्रत्यक्ष भेट, तीही पिल्लाला आधी भरपूर खेळवून दमवल्यावर, कारण वयस्क मांजराला मुख्य उपद्रव पिल्लाच्या अंगावर उड्या मारण्याचा होतो. जुनी मांजरे दोन असतील तर दोघांची भेट एकदम घडवू नये. जे स्वभावाने शांत, त्याची प्रथम.

फिसकारणे ही ताकीद आहे, मारामारी नव्हे. त्याबद्दल भाटीला रागे भरले तर त्या रागाचा संबंध ती पिल्लाशी जोडते. खरा जुलूम निःशब्द असतो. जुने मांजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नुसते टक लावून बसते, आणि पिल्लू ताटलीपर्यंत किंवा रेतीपर्यंत पोचू शकत नाही; माणसांना मात्र वाटते, काय गुण्यागोविंदाने बसली आहेत! म्हणून ताटल्या निरनिराळ्या ठिकाणी हव्यात, रेतीची घमेली मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत हवीत, आणि चढून बसावयास माडी, फळी, कोनाडा असे उंच आसरे मोकळे हवेत.

हे सर्व पंधरवड्यात उरकेल किंवा काही महिने घेईल. काही मांजरे जन्मभर एकमेकांच्या कुशीत झोपत नाहीत, केवळ पाळ्या वाटून घेतात. माझ्या मते तोही उत्तम तह आहे. पिल्लू बोका असेल तर पाच-सहा महिन्यांचा होण्याच्या सुमारास त्याची नसबंदी करून घ्यावी, नाहीतर भिंतींवर मुताचे फवारे सुरू होऊन सारी मांडणी विस्कटते. आणि मुहूर्तच पाहावयाचा तर एवढा पाहावा: रोवणीच्या दिवसांत घर दिवसभर ओस असते, दिवाळीत फटाके असतात, मळणीच्या काळात दारे सताड उघडी राहून परक्या माणसांची ये-जा चालू असते; तेव्हा या तिन्ही वेळा टाळून, घरात कोणीतरी निवांत असेल अशा दिवसांतच पिल्लू आणावे.