परदेशवारी आणि रुपयाचा हिशेब
गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023मध्ये सुरू झाला. पेडणे-डिचोलीच्या माणसाला आता विमानासाठी दाबोळीच गाठायला हवं असं नाही. पण परदेशवारीचा खर्च रुपयाच्या दरावर ठरतो. डिसेंबर 2025मध्ये डॉलर प्रथमच 90 रुपयांपलीकडे गेला. चौघांची सहल 4,000 डॉलरची धरा: 85च्या दराने 3 लाख 40 हजार, 90च्या दराने 3 लाख 60 हजार. वीस हजार जास्त! दुबईला गेलात तरी तेच, कारण दिरहम डॉलरलाच बांधलेला आहे. रिझर्व्ह बँक रुपयाचा दर बांधून देत नाही. चढउतार फार झाले तरच बाजारात डॉलर विकते किंवा घेते. म्हणून तिकिटं काढली की परकीय चलनाच्या कार्डात थोडे थोडे पैसे भरत चला. शुल्क किती, तेही आधीच विचारून घ्या.