राहिलेली शाळा

(खटकचिंचोळी येथील वसंत व्याख्यानमालेत झालेले व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'बालपणीची स्वप्नं आणि मोठेपण'. या विषयावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. नोकरी सोडून गिटार शिकणाऱ्यांच्या, पन्नाशीत हिमालय चढणाऱ्यांच्या गोष्टी आपण मोबाईलवर बघतो. चांगल्या आहेत. पण बीदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात उभी राहून मी त्या सांगणार नाही. इथं साठी ओलांडलेल्या बाईला विचारा, "लहानपणी तुला काय करायचं होतं?" ती म्हणते, "मला साळंत जायचं होतं." भावाबरोबर, दप्तर घेऊन. एवढंच.

आज मी या एकाच स्वप्नाविषयी बोलणार आहे, आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. हे स्वप्न त्या बाईनं सोडलेलं नाही. ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं. म्हणून ते परत मिळवायचं काम तिच्या एकटीच्या जिद्दीवर टाकता येत नाही. ते गावाचं काम आहे.

(मागून : "आवाज येईना!")

आता येतोय? शिक्षिकेचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचलाच पाहिजे, तिथंच खरे विद्यार्थी बसतात. (हशा)

तर, कुणी काढून घेतलं? निजामाचं राज्य तुम्हाला सांगायला नको. ते संपलं तो सप्टेंबर १९४८ तुमच्या घराघरात सांगितला जातो, राज्यांची फेररचना झाली तो १ नोव्हेंबर १९५६ सुद्धा. मी ते ओलांडून पुढं जाते. एवढंच लक्षात ठेवा, की निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवायचं. घरात मराठी किंवा कन्नड बोलणारं पोर चार बुकं शिकून थांबायचं, आणि पोरीचं तर नावच नको. अशा काळात याच भालकी-कमलनगर भागात भालकीच्या मठाचे स्वामी चन्नबसव पट्टद्देवर यांनी शाळेबाहेर उर्दूची पाटी लावली आणि आत कन्नड शिकवलं. (टाळ्या) वाजवा, जोरात वाजवा! मी मराठीची शिक्षिका आहे आणि मीही वाजवते. मुलाला घरच्या भाषेत अक्षर देणारा माणूस सगळ्यांचाच असतो.

सीमाप्रश्नावर बोला, अशी एक चिठ्ठी आली आहे. आज नाही बोलणार. टाळते आहे असं कृपा करून समजू नका. पुढं बसलेल्या या मावशीला मराठी बोलता येतं, कन्नड बोलता येतं, बाजारात दख्खनीही येते, आणि लिहिता-वाचता यातली एकही येत नाही. मला आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. ज्या पोरी कशाबशा शाळेत होत्या त्याही घरी आल्या. कुणी धाकट्याला सांभाळायला, कुणी शेरडांमागं, कुणी आईबरोबर खडी फोडायला. तेव्हाची आठ वर्षांची पोर आज साठीच्या घरात आहे. २०११च्या जनगणनेत बीदर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७० टक्के निघाली, बायकांची ६१च्या आसपास. उरलेल्या बायका नुसता आकडा नाहीत. त्यातल्या कितीतरी इथं बसल्या आहेत.

आता फांगणे गावाची गोष्ट. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात हे छोटंसं गाव आहे. २०१६ साली शिवजयंतीला तिथं पारायण होतं. आज्या म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर! जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते ऐकलं आणि मनावर घेतलं. लगेच ८ मार्चला, महिला दिनाला, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या. गणवेश गुलाबी नऊवारी. त्यात विधवा आज्याही होत्या, त्याही गुलाबीच नेसायच्या. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे भाकरी थापून, भांडी घासून मोकळं झाल्यावर. शिकवायला गावचीच सून, आणि तिची सासू तिच्याच वर्गात! (हशा) तुम्ही हसलात, पण विचार करा. ज्या घरात सुनेनं सासूपुढं मान वर करायची नाही, तिथं सून सासूचा हात धरून 'ग' गिरवून घेते आहे. पाट्या, पिशव्या, साड्या यांना मोतीराम दलाल ट्रस्टनं मदत केली. यात 'जिद्द' हा शब्द कुठं आला? आज्यांची इच्छा आयुष्यभर होतीच. खोली, वेळ आणि शिकवणारं माणूस यांची उणीव होती. गावानं ती भरून काढली.

आता कुणी म्हणेल, ज्याला शिकायचं तो कसाही शिकतो. त्याला उत्तर म्हणून पार्वतीबाई आठवले थोडक्यात सांगते. १८७० साली देवरुखला जन्म, अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात एक मुलगा. केशवपन झालेलं. त्यांच्या बहिणीशी, बाया कर्व्यांशी, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. पार्वतीबाई पुण्याला बहिणीकडे आल्या आणि पंचविशी उलटल्यावर शिकायला बसल्या. मग अण्णासाहेबांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. सभेत बोलायच्या, विधवेनं केस ठेवावेत म्हणून भांडायच्या. पण मनात एक इच्छा राहिलीच होती, इंग्रजी शिकायचं. कामापुढं वेळच मिळेना. तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमाराला, १९१८ साली, ही बाई अमेरिकेला निघाली! जगात महायुद्ध चालू. हाताशी पैसा नाही. शाकाहारी जेवणाची पंचाईत. लोकांच्या घरी राहून धुणंभांडी, घरकाम केलं आणि इंग्रजी शिकली. १९२० साली परत आल्या. पुढं 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र लिहिलं. घरोघरी मिळवून वाचावं असं पुस्तक आहे ते. सभेतली भीती, समुद्राची भीती, परक्या स्वयंपाकघरातली लाज... अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. थोडक्यात म्हणून सुरू केलं होतं, पण पार्वतीबाई थोडक्यात मावत नाहीत. (हशा)

मुद्दा असा. एवढ्या खंबीर बाईलाही बहिणीचं घर लागलं, आश्रम लागला, मुलाकडे बघणारं कुणी लागलं. मग खुरप्याला जाणाऱ्या आमच्या आक्काला आपण कोणत्या तोंडानं सांगतो, की मनात आणलं असतं तर शिकली असती?

पाच मिनिटं उरली आहेत अशी चिठ्ठी आली. भालकीची गाडी गाठायची असणाऱ्यांनी खुशाल उठावं. बाकीच्यांनो, आता कामाचं ऐका.

एक. अक्षर नंतर, आधी डोळे. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, साठीत मोतीबिंदू. पाटीवरचा 'क' दिसतच नसला तर बाई म्हणते, मला डोकंच नाही. म्हणून पहिल्या दिवशी डोळ्यांची तपासणी, दुसऱ्या दिवशी पाटी.

दोन. मोठ्या माणसाला 'अ अननसाचा' लावू नका. कुणाला हरिपाठ तोंडपाठ आहे, कुणाला बसवण्णांची वचनं. तेच ठळक छापा, ओळीखाली बोट ठेवा आणि म्हणायला सांगा. शब्द तोंडात आहेतच, बोटाखालचं अक्षर आपोआप ओळखीचं होतं. मराठीवाल्यांना मराठी, कन्नडवाल्यांना कन्नड, शेजारी शेजारी.

तीन. वेळापत्रक रानाचं. मृगाला पेरणी लागली की सुट्टी, खुरपणी सरली की पुन्हा वर्ग, तुरीच्या काढणीला परत सुट्टी. आत्ता वैशाखात रान मोकळं आहे. सुरुवात आत्ताच.

चार. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ आहे. पंधरा वर्षांच्या पुढच्या कुणालाही येता येतं, वरती वयाची अट नाही. तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. सुट्टीला घरी आलेली कॉलेजची पोरंपोरी बघा, प्रत्येकानं दोन आज्या वाटून घ्याव्यात.

(सभेतून : "या वयात शिकून काय मिळणार, बाई?")

बरं झालं विचारलंत. बसची पाटी वाचता येईल, बँकेत अंगठ्याऐवजी सही करता येईल, रेशनच्या पावतीवर काय लिहिलंय ते कळेल. पण हे सगळं बाजूला ठेवा. काका, सहा वर्षांच्या नातवाला शाळेत घालताना तुम्ही त्याला विचारलंत का, शिकून काय मिळणार? नाही ना? त्याचा तो हक्क आहे म्हणून घातलंत. हिचाही तोच हक्क होता, आणि ती पन्नास वर्षं वाट बघते आहे. उशीर आपण केला, आणि कारण तिनं द्यायचं? (टाळ्या)

टाळ्या नकोत, नावं हवीत. संयोजकांच्या टेबलावर वही ठेवली आहे. शिकणाऱ्यांची नावं एका पानावर, शिकवणाऱ्यांची दुसऱ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगावं. उद्या दुपारी दोन वाजता एक खोली उघडी पाहिजे. शाळेची मिळाली तर शाळेची, नाहीतर देवळाचा सभामंडप, मठ, कुणाचाही ओटा चालेल. खोली कुणाची आणि किल्ली कुणाकडे, एवढं आत्ता इथंच ठरवा. आभारप्रदर्शन त्यानंतर करा.