अडकलेले हँडल



कामगार संघटनेतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो महागाई भत्त्यावर नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. माझा आजचा विषय निराळा आहे. जुन्या सायकलीचे हँडल गंजून अडकले तर ते कसे काढावे, आणि ते काढणाऱ्याला मजुरी कशाची द्यावी, एवढेच मला सांगायचे आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि अशाच व्याख्यानांच्या मागच्या रांगेत झाले. तेव्हा शास्त्रही मी कामगाराच्या भाषेतच सांगेन.

हल्ली पुष्कळ घरांतल्या माळ्यावरच्या सायकली खाली उतरू लागल्या आहेत. कोणाच्या आजोबांची रॅले, कोणाची हंबर, कोणाची हर्क्युलस. काळी, उंच, सळ्यांच्या ब्रेकची. नातू टायर नवे घालतो, चेनला तेल देतो आणि हँडल आपल्या उंचीला लावू पाहतो, तर ते जागचे हलत नाही.

आत काय आहे ते आधी पाहू. हँडलाची उभी दांडी चिमट्याच्या नळीत उतरलेली असते. तिची जाडी बहुधा सात-अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर. दांडीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत एक लांब बोल्ट जातो, आणि त्याच्या तळाशी लोखंडी शंकू किंवा तिरकी कापलेली पाचर असते. वरून बोल्ट आवळला की तो शंकू वर ओढला जातो, दांडीचे चिरलेले टोक फाकते आणि नळीला आतून घट्ट धरते. एखाद्याच्या कामात पाचर मारणे हे आपण वाईट समजतो. इथे तीच पाचर स्वाराचा जीव सांभाळते.

दांडी आणि नळी यांच्या मधली फट केसाएवढी. तिच्यात वरून पावसाचे पाणी शिरते, खालून चाकाने उडवलेले. लोखंड गंजले की त्याला मूळ धातूहून कितीतरी जास्त जागा लागते. फटीत जागा नाही, तेव्हा गंजच दुसरी पाचर होऊन बसतो.

कोणी म्हणेल, नसेना का हलत. चालवायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे. दांडी निघाल्याशिवाय वरचा नट हँडलातून बाहेर येत नाही, म्हणून चिमटा काढता येत नाही आणि आतले छर्रे बदलता येत नाहीत. त्याहून वाईट गोष्ट अशी, की कधीकधी आतला बोल्ट कधीचाच सैल झालेला असतो आणि दांडीला केवळ गंजाने धरलेले असते. वरून सारे मजबूत दिसते. मग एखाद्या उतारावर, वळणावर, ती पकड सुटते. हँडल वळते, चाक सरळच जाते. समोरून ट्रक येत असेल तर पुढचे सांगायला नको.

आता काढण्याची रीत. सळ्यांचे ब्रेक असतील तर हँडलाला जोडलेल्या सळ्या प्रथम सोडवाव्यात, नाहीतर त्या वाकतात. मग बोल्टाच्या डोक्यावर नेमका बसणारा पाना घ्यावा. जुन्या इंग्रजी सायकलींचे नट मिलिमीटरच्या पान्याला जुळतीलच असे नाही. ढिला पाना कोपरे झिजवतो आणि एका कामाची दोन होतात. बोल्ट तीन-चार फेरेच सैल करावा, पुरता काढू नये. त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने सरळ ठोका द्यावा. बोल्ट खाली दबला, तर शंकू सुटला असे समजावे. पुष्कळदा काम इथेच संपते. उतावळा माणूस आधी बोल्ट पूर्ण काढतो. मग वर फाकलेले टोक तसेच राहते आणि खाली ठोकायला काही उरत नाही.

शंकू सुटूनही दांडी हलली नाही, तर गंजाशी गाठ आहे. गंज सोडवणारे पातळ तेल वरच्या नटापाशी फटीत सोडावे. पण खरी मेख खाली असते. म्हणून पुढचे चाक काढून सायकल उलटी करावी, मडगार्डचा बोल्ट काढावा आणि चिमट्याच्या खांद्यातल्या भोकातून तेल आत ओतावे. मग थांबावे. सकाळी तेल, चार ठोके. संध्याकाळी पुन्हा तेल, चार ठोके. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल पुढे सरकते.

त्यानंतर पीळ. चाक गुडघ्यांत धरून जोर लावण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात चाक आणि चिमट्याचे पाय दोन्ही वाकतात. चिमट्याचा खांदा दोन लाकडांमध्ये घालून व्हाइसमध्ये पकडावा आणि हँडल दोन्ही टोकांना धरून डावी-उजवीकडे थोडे थोडे पिळावे. दोरा-अर्धा दोरा हलले तरी पुरे. मग पिळतच वर ओढावे.

दांडी ॲल्युमिनियमची असेल, तर प्रकरण अवघड. लोखंड, ॲल्युमिनियम आणि खारट ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि त्याचा फुगलेला क्षार फट बुजवतो. किनाऱ्याची हवा आणि स्वाराचा घाम दोन्ही त्याला पुरतात. इथे सगळे तापवणे उलटे पडते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दांडी बर्फाने गार करून पिळून पाहावी. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळते हे खरे, पण त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो आणि एक थेंब डोळा घालवतो. ते घरी करू नका.

हे सारे इतके जपून का, असे विचाराल, तर मोडलेला चिमटा आणायचा कोठून? वरळीची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले हे दोन कारखाने संसदेने १९८० साली कायदा करून सरकारकडे घेतले. तरी ते पुढे बंद पडले. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. तो जागतिक सायकल दिन होता. कामगारांनी त्या दिवशी काय साजरे करायचे होते?

आता मजुरीचे. पदपथावरच्या मिस्त्रीपाशी गिऱ्हाईक म्हणते, “दोन थेंब तेल टाकलेत आणि चार ठोके दिलेत, त्याचे एवढे पैसे?” कारखान्यात घड्याळ लावून मजुराचा हात किती वेळ हलला ते मोजतात, तोच हिशेब हा. पण तीन दिवस सायकल ठेवायला जागा लागते. ती राखावी लागते. कोठे ठोकू नये, हे कळायला वीस वर्षे लागतात. मिस्त्रीकडे जागा नाही, थांबण्याचे पैसे कोणी देत नाही, महापालिकेची गाडी केव्हा येईल याचा नेम नाही. म्हणून तो एका तासात हँडल मोकळे करू पाहतो आणि चिमटा वाकतो. मग आपण त्याला अडाणी म्हणतो. ती घाई त्याचा स्वभाव नव्हे, आपण ठरवलेला दर आहे. म्हणून माझे मागणे असे, की काम देतानाच तीन दिवसांची मजुरी बोलावी, आणि तिसऱ्या दिवशी हँडल नाही निघाले तरी ती द्यावी. डॉक्टरला आपण देतोच.

निघाल्यावर दांडी आणि नळी घासून साफ करावी, गंजाने फार खाल्लेली दांडी पुन्हा वापरू नये. चांगली असेल तर सगळीकडून ग्रीस लावावे, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा काढून पुन्हा लावावे. उंच माणसाने हँडल कितीही वर घेऊ नये; अडीच इंच तरी दांडी आत राहिली पाहिजे. बोल्ट आवळून झाला की पुढचे चाक गुडघ्यांत धरून बेताच्या जोराने हँडल फिरवून पाहावे. ते सरकले नाही, तर सायकल मुलाच्या हाती द्यावी.