कुलपाला बांधलेली किल्ली



विकर म्हटले की आपल्याला पचन आठवते. रेणू तोडावेत, जोडावेत आणि स्वतः मात्र अबाधित राहावे, हा त्यांचा धर्म. निरोप पोहोचविण्याचे काम संप्रेरकांचे, असे आपण शाळेत शिकलो. परंतु काही विकरे निरोपही देतात, आणि त्यांची रीत अगदी निराळी आहे.

थ्राँबिन घ्या. जखम झाली की ते रक्तात तयार होते आणि फायब्रिनोजन या विद्राव्य प्रथिनाला कापून त्यापासून फायब्रिनचे तंतू घडविते. त्याच थ्राँबिनमुळे रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, एकमेकांना चिकटू लागतात. बाहेरचे निरोप घेणारी प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावर असतात. त्यांना ग्राही म्हणतात. संप्रेरक ग्राहीत किल्लीसारखे बसते. पण थ्राँबिन ही तर कात्री! तिने निरोप द्यावा कसा?

१९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे शॉन कॉगलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे उलगडले. बिंबाणूवरील ग्राहीचे एक लांब टोक बाहेर डोकावत असते. थ्राँबिन त्यातील ४१ व्या आणि ४२ व्या ॲमिनो अम्लांमधला बंध तोडते. बाहेरचा तुकडा गळून पडतो, उघडे पडलेले नवे टोक वळून त्याच ग्राहीत बसते आणि बिंबाणू जागा होतो. किल्ली पहिल्यापासून कुलपालाच बांधलेली होती. विकराने तिच्यावरचे वेष्टन तेवढे कापले. या टोकाबरहुकूम अवघ्या सहा ॲमिनो अम्लांची साखळी प्रयोगशाळेत घडवून दिली, तरी थ्राँबिनवाचून हेच कार्य घडते. ‘ग्राही’ हा आपला पारिभाषिक शब्द मला येथे तोकडा वाटतो. ग्राही म्हणजे घेणारा. हा तर निरोप स्वतःजवळच बाळगून असतो.

संप्रेरक सुटले की त्याचा ग्राही पुन्हा मोकळा होतो. कापलेले टोक मात्र सांधता येत नाही. एकदा वापरलेला ग्राही निकामीच होतो. थ्राँबिनचा रेणू मात्र मोकळा राहून पुढच्या ग्राहीकडे वळतो.

हृदयाच्या धमनीत गुठळी होते तेव्हाही हीच यंत्रणा राबत असते. ॲस्पिरिन बिंबाणूंना चेतविणारी दुसरी वाट अडविते, ही नव्हे. ही वाट अडविणारे व्होरापॅक्सार हे औषध अमेरिकेत २०१४ मध्ये संमत झाले. किल्ली कुलपापाशीच बांधलेली असताना तिच्याआधी जागा धरणे सोपे नव्हते. फायब्रिन घडविण्याच्या थ्राँबिनच्या कामाला हे औषध हात लावीत नाही, तरीही रक्तस्रावाचा धोका वाढतोच. पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असल्याने त्यांना ते वर्ज्य आहे.