धावत्या पाण्यावरची होडी

नाशिकला द्वारकेच्या चौकातून पुण्याची वाट धरावी, पुण्याहून मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरावा, की रायगड जिल्ह्यातलं कोलाड जवळ येतं. तिथं कुंडलिका नदीच्या खळाळत्या पाण्यातून वाटाड्याबरोबर रबरी होड्या नेतात. लोक त्याला ‘राफ्टिंग’ म्हणतात. तरुण मंडळी हौसेनं जातात. पण हौस राहू द्या. या खेळातलं शहाणपण नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या उपयोगाचं आहे.

तुम्ही म्हणाल, कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात आटतात, मग हिला एवढं पाणी कुठून? तर हे पाणी घाटावरचं. मुळशीला मुळा नदीवर टाटांचं धरण आहे. त्यात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. पण धरण झालं, गावं बुडाली आणि १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळेचं पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. ते आता कडा उतरून भिऱ्याची यंत्रं फिरवतं, कुंडलिकेत पडतं आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं. वीजघरातून पाणी सुटलं की नदी भरते आणि होड्या निघतात. म्हणून वेळ ठरवायची ती पाण्यानं, पाहुण्यांनी नव्हे.

भूगोलात आपण ज्याला द्रुतवाह म्हणतो, त्याच्या १ ते ६ अशा प्रती लावतात. कुंडलिकेचे साधारण २ ते ३ प्रतीचे. वाटाड्या होडीच्या मागच्या टोकाला बसतो. ‘पुढं’, ‘मागं’, ‘थांबा’, ‘धरून बसा’ एवढेच त्याचे हुकूम, पण ते सगळ्यांनी एकदम पाळायचे. त्याची नजर पाण्यावर असते. गुळगुळीत धार खालच्या अंगाला निमुळती होत गेली, तर तिथं वाट मोकळी. टोक वरच्या अंगाला आणि पाणी दोन्ही बाजूंना फाकलेलं दिसलं, तर मध्ये खडक दडलेला. गुरुजी, या दोन खुणा फळ्यावर काढून मुलांना जरूर दाखवा.

आणि पाण्यात पडलं तर? उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं, गुडघे जरा वाकवलेले. धावत्या पाण्यात उभं राहायचं नाही, मग पाणी कमरेएवढं का असेना! पाय दगडांत अडकला, की मागून येणारा लोंढा माणसाला पालथा पाडतो. अंगावरच्या तरंगत्या जाकिटाचे पट्टे आवळलेले हवेत. सैल जाकीट वर सरकतं आणि काही कामाचं राहत नाही.

आता आपल्या गोदावरीकडे पाहा. पूर किती आला, हे नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. पण पाऊस त्र्यंबकेश्वराकडे पडतो, गंगापूर धरणातून पाणी सुटतं, आणि इथं घाटावर ऊन असलं तरी नदी चढते. म्हणून पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, किंवा मघा कोरडा होता तो दगड भिजला, की कपडे-भांडी तिथंच टाकून वर यावं. कोणी वाहून जात असेल, तर पोहता येतं म्हणून उडी घेऊ नये. काठावरून दोर फेकावा, बांबू पुढं करावा, झाकण लावलेला रिकामा डबा टाकावा.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी होडीवाल्याला तीन प्रश्न विचारावेत. आज पाणी केव्हा सुटणार? प्रत्येक मुलाला मापाचं जाकीट आणि शिरस्त्राण आहे का? होडी उलटली तर मुलांना उचलायला मागं दुसरी होडी आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर नीट मिळालं नाही, तर मुलांना काठावर बसवून नदी दाखवावी आणि परत आणावं.