कचरा, अभ्यास आणि संघटना
(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषण)

आपल्या रेल्वे वसाहतींत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये अलीकडे कॉलेजचे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन येतात. कचरा कुठे टाकता, ओला-सुका वेगळा करता का, असे विचारतात. फॉर्म भरून जातात, पुढे काय झाले ते आपल्याला कळत नाही. अशा अभ्यासाचा कष्टकऱ्याला उपयोग काय, हा आजचा विषय आहे.

पुण्याचे उदाहरण घेऊ. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील शिक्षिका कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी वस्तीत गेल्या. तिथे त्यांनी आयांचे काम पाहिले. या बायका बहुतेक दलित समाजातल्या, अनेकजणी 1972 च्या दुष्काळात पुण्यात आलेल्या. उकिरड्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर हात कमी घाण होतात आणि दोन पैसे जास्त सुटतात, हे ध्यानात आले. तसे काम सुरू होताच एका व्यावसायिकाने गाडी लावून तोच कचरा उचलायचा बेत केला. बायकांनी आंदोलन केले, बेत थांबला.

यातूनच मे 1993 मध्ये 800 हून अधिक कचरावेचकांची परिषद भरली आणि बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिची नोंदणी झाली ती कामगार संघटना म्हणून. पुढे पालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने 2001 मध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की या बायकांच्या श्रमामुळे पालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो. मग पालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा भार उचलला. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

साथींनो, इथे अभ्यास आणि संघटना हातात हात घालून चालले. आकडे संघटनेच्या हाती पडले, म्हणून त्यांची मागणी झाली. नाहीतर ते कपाटात पडून राहिले असते.

पर्यावरणाचे रक्षण व्हावे हे आपल्यालाही मान्य आहे. पण यंत्र आणि ठेकेदार आणून ज्यांनी वर्षानुवर्षे कचरा निवडला त्यांचीच भाकरी काढली, तर ते टिकाऊ कसले? ठेकेदारी काय असते, हे रेल्वेच्या साफसफाई कामगाराला आणि पोस्टाच्या कंत्राटी माणसाला सांगायला नको.

म्हणून शाखांना आमची सूचना अशी. विद्यार्थी आले तर त्यांना सहकार्य करा, मात्र प्रश्न ठरवताना आपली माणसे बसवा. अहवाल आपल्या भाषेत शाखेच्या सभेत वाचून दाखवायला सांगा. आणि वसाहतीच्या कचऱ्याचा ठेका निघण्याआधी तिथे आज कचरा वेचणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव यादीत घ्या, त्यांना काम मिळालेच पाहिजे असा ठराव करा.

त्या आपल्या सभासद नाहीत. पण कामगार आहेत, एवढे पुरे आहे.